जिभेचा पायबंद

रविवारी सकाळी कोकबुलाकच्या वरच्या कुरणावर मेंढ्या आपापल्या चरत होत्या, कारण त्यांना हाकायला एकही माणूस शिल्लक नव्हता. सगळे मेंढपाळ, त्यांच्या बायका, सासवा, तान्ही पोरं, दोन खटारा जीपगाड्या आणि चाळीसेक घोडे ओढ्याकाठच्या सपाटीवर गोळा झाले होते. घोड्यांना चमत्कारांची फारशी आवड नसते. पण घोड्यावर बसलं की मागूनही नीट दिसतं, म्हणून त्यांनाही आणलं होतं.

मध्यभागी जाड लोकरीच्या लाल नमद्यावर शेरगाझी ताबिप बसला होता. ताबिप म्हणजे वैदू. पण हा साधासुधा वैदू नव्हे, सात झऱ्यांचं पाणी प्यालेला आणि डोळे मिटून आरपार बघणारा, असं तो स्वतःच सांगत होता, आणि स्वतःबद्दल माणूस कशाला खोटं बोलेल? अंगात हिरवा मखमली झगा, पुढ्यात एक लाकडी खोगीर उलटं ठेवलेलं, हातात चाबूक. चाबकाच्या मुठीने तो खोगिरावर ठोके द्यायचा. टक. टक. टक.

"जिभेलाही पायबंद असतो!" तो गरजला. "घोड्याच्या पायातला दिसतो, जिभेचा दिसत नाही. दिसत नाही म्हणून नसतो का? वारा दिसतो? ताप दिसतो? माझी विद्या दिसते?"

"नाही दिसत!" गर्दी एका सुरात म्हणाली.

"मग?" ताबिपाने विजयी मुद्रेने विचारलं.

गर्दीने माना डोलावल्या.

दुसरीकडे कुठे हे बोलणं ऐकून लोक हसले असते. पण कोकबुलाकात मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात, मैदानात शर्यत लावतात, आणि जो कुणी पहिला येईल त्याच्या हातून ती दोरी कापून घेतात. मूल मग कापणाऱ्यासारखं चपळ निघतं म्हणतात. तिथे जमलेल्या प्रत्येकाचे पाय लहानपणी असेच मोकळे झाले होते. त्यामुळे पायांची दोरी कापली तशी जिभेची कापायची राहून गेली, हे ऐकल्यावर कुणाला नवल वाटलं नाही. उलट इतक्या वर्षांत हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचंच वाटलं.

पहिला नंबर तोक्तोसूनचा लागला. हा साठीचा मेंढपाळ, जन्मभर अडखळत बोललेला. तोक्तोसून हाक मारेपर्यंत घोडा डोंगर ओलांडून जातो, असं लोक म्हणत, आणि त्याच्या तोंडावर म्हणत. ताबिपाने त्याच्या गळ्यात दोरी सैलशी अडकवली आणि खोगिरावर ठोका धरला.

"माझ्याबरोबर बोल. माझा आवाज तुझ्या आवाजाला हात देईल. चल!"

टक. टक. "आभाळ निळं, कुरण हिरवं, झऱ्याचं पाणी वाहू दे..." ताबिप बोलत होता, तोक्तोसून त्याच्यासोबत बोलत होता, आणि अडखळत नव्हता! एकदाही नाही! दहा ओळी झाल्या. ताबिपाने सुरी काढली, दोरी कापली आणि गर्दीने कुरण डोक्यावर घेतलं. तोक्तोसूनची बायको रडायलाच लागली. एक घोडा बुजून ओढ्यात गेला, तोही चमत्कारातच धरला गेला.

गर्दीच्या कडेला बुरुलचा आपली कुमिसची भांडी घेऊन उभी होती. घोडीचं दूध आंबवून कुमिस करायची आणि रस्त्याकडेच्या आपल्या तंबूतून विकायची, हा तिचा उन्हाळ्याचा धंदा. वय सेहेचाळीस, आवाज खणखणीत, आणि कुणाचं काही पटलं नाही तर ते मनात ठेवायची सवय नाही. चमत्कारामुळे लोकांची तहान मेली, याचा तिला आधीच राग आला होता. तेवढ्यात तिला पुढे तिची भावजय सोनुन दिसली, आणि सोनुनने दंडाला धरून आणलेली आयझिरेक.

आयझिरेक तिची भाची. राजधानीत, बिश्केकला पाच वर्षं राहून जनावरांची डॉक्टर होऊन आलेली. येत्या शुक्रवारी कुरण-समिती उन्हाळ्यापुरता आपला डॉक्टर निवडणार होती. उमेदवाराने समितीपुढे उभं राहून चार शब्द बोलायचे, एवढीच अट. आयझिरेकला मेंढीच्या पोटातलं सगळं कळत होतं. घोटाळा व्हायचा तो या चार शब्दांपाशी.

ताबिपाने डोळे मिटले, आरपार बघितलं, आणि विचारलं, "हिच्या पायांची दोरी कुणी कापली होती?"

शंभर डोकी एकदम बुरुलचाकडे वळली. घोडेसुद्धा वळले, निदान तिला तसं वाटलं.

"मी कापली," बुरुलचा म्हणाली. "शर्यत जिंकले होते. दुसरी येणारी अजून धावतेय."

"जिंकलीस ना? तिथेच घात झाला!" ताबिप म्हणाला. "तू इतकी सुसाट आलीस की पोरीचे पाय सुटले आणि जीभ मागेच राहिली. तुझ्या घाईची गाठ हिच्या जिभेला बसली."

"अगं बाई!" सोनुन म्हणाली, आणि तिने नणंदेकडे असं बघितलं की बुरुलचाच्या हातातलं भांडं डुचमळलं. चोवीस वर्षं जी पोर तिने अंगाखांद्यावर वाढवली, तिचा घास आपणच काढून घेतला असं भर गर्दीत ऐकायला लागलं. तिला इतकं लागलं की तोंडातून उत्तर निघेना. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग टक टक सुरू झालं, आणि आयझिरेक बोलू लागली. आभाळ निळं, कुरण हिरवं. ताबिपाबरोबर, स्वच्छ, झऱ्यासारखं. खरं सांगायचं तर बुरुलचाच्याही डोळ्यांना धारा लागल्या. पोरीचा आवाज असा सरळ वाहताना तिने कधी ऐकलाच नव्हता. दोरी कापली गेली तेव्हा तीही सगळ्यांबरोबर ओरडली.

"आता पथ्य, दोघांनाही," ताबिप म्हणाला. "चाळीस दिवस मौन. बोलायचं ते फक्त रविवारी, माझ्यापुढे. मधे तोंड उघडलंस आणि गाठ परत बसली, तर तो दोष तुझा. आणि दर रविवारी एक मेंढी. माझ्यासाठी नव्हे हो, झऱ्यांसाठी!"

झरे मेंढ्या खातात, हे कोकबुलाकला त्या दिवशी नव्याने कळलं.

"पण शुक्रवारी तिला समितीपुढे..." बुरुलचाने तोंड उघडलं.

"तुम्ही गप्प बसा, बुरुलचा," सोनुन म्हणाली. "आधीच पुष्कळ केलंत. नोकरी काय, पुढच्या उन्हाळ्यात मिळेल. जीभ पुन्हा मिळायची नाही."

बुधवारी आयझिरेक आत्याच्या तंबूत आली. मौन पाळत होती. गळ्यात वही आणि पेन्सिल लटकवलेली. आत आल्यावर रिवाजाप्रमाणे तिने आधी कुमिसच्या उंच पिंपातली रवी धरून चार वेळा खालीवर केली आणि मग वहीत लिहिलं, 'घोडी लंगडतेय असं आई म्हणाली.'

"मागे बांधलीय," बुरुलचा म्हणाली. तिलाही त्या दिवसापासून फार बोलवत नव्हतं.

पाच मिनिटांनी ती पाण्याची बादली घेऊन मागे गेली आणि जागच्या जागी थांबली.

"काय गं, कुठे दुखतंय?" आयझिरेक घोडीला विचारत होती. "पाय दे. हा नाही, शहाणे, दुसरा. बघ, खडा रुतलाय. आणि एवढ्या दिवसांत कुणाला सांगितलंही नाहीस? माझ्यासारखीच आहेस बघ!"

एकही अडखळा नाही. बुरुलचाने बादली खाली ठेवली. आयझिरेक दचकून वळली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"ए... ए... एजे," ती म्हणाली. आत्याला ती एजे म्हणायची. शब्द घशात अडकला, मान ताठ झाली, डोळे मिटले गेले. "मी ब... ब... बोलले. गाठ ब..."

"बसली," बुरुलचाने सवयीने शब्द पूर्ण केला.

आयझिरेक मटकन खाली बसली आणि रडायला लागली. रडता रडता, अडकत अडकत तिने सांगितलं ते असं: चूक तिचीच आहे. ताबिपाने बरी केली होती, तिने घालवली. आता ती समितीपुढे जाणार नाही, शुक्रवारीही नाही आणि पुढच्या उन्हाळ्यातही नाही. जनावरांशी बोलण्यापुरती जीभ दिली आहे, तेवढीच आपली.

बुरुलचाला ताबिपाचा राग आलेला होताच, पण आता तो पायाच्या नखापासून वर चढला. माणसाला हसवलंस, रडवलंस, मेंढी नेलीस, ते एक वेळ ठीक. पण औषध चाललं तर कौतुक तुझं आणि नाही चाललं तर पाप या लेकराचं?

"एक सांग," ती भाचीपुढे उकिडवी बसली. "घोडीशी आत्ता सरळ बोललीस. आधीही बोलायचीस?"

आयझिरेकने मान हलवली. लहानपणापासून.

"कुत्र्याशी?"

"हो."

"मग कुत्र्याने कधी तुझी दोरी कापली?"

रडता रडता आयझिरेकला हसू आलं. बुरुलचाला मात्र हसू आलं नाही. ती विचारात पडली होती. कुमिस बिघडलं की ती काय करायची? भांडं बदलून बघायची. मग दूध बदलून. मग जागा. एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर काय बिघडलंय ते कळतच नाही. रविवारी त्या नमद्यावर किती गोष्टी होत्या? दोरी. सुरी. हिरवा झगा. सात झरे. खोगिरावरचा ठोका. आणि ताबिपाचा आवाज, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

"थांब," ती म्हणाली. "आभाळ निळं, कुरण हिरवं. म्हण माझ्याबरोबर. दोघी एकदम."

त्या दोघी एकदम बोलल्या. आयझिरेकची ओळ सरळ गेली. दुसरीही. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर बुरुलचा मुद्दाम गप्प झाली, आणि आयझिरेक पुढच्याच शब्दाला अडकली.

"आणि दोरी कुठेय?" बुरुलचा हळूच म्हणाली. "सुरी कुठेय?"

त्यानंतर दुपारपर्यंत त्या तंबूत जे चाललं, ते बाहेरून कुणी ऐकलं असतं तर दोघींनाही ताबिपाकडे न्यावं लागलं असतं. आयझिरेकने कुमिसचा भाव गाण्यात म्हटला, एकदाही न अडता. चहाचं पाणी उकळणाऱ्या समोवारशी कुजबुजून बोलली, सरळ. कुत्र्याला त्याच्या जंतांची सविस्तर माहिती दिली, सरळ. कुत्रा उठून गेला. मग बुरुलचाने तिच्या हातात रवी दिली. खाली, वर, धप, धप. प्रत्येक धपला एक शब्द. "माझं. नाव. आयझिरेक. मी. जनावरांची. डॉक्टर. आणि. माझी. आत्या. वेडी. आहे." सरळ! बुरुलचा हसता हसता गालिच्यावर आडवी झाली.

"पिंपबाबा!" ती ओरडली. "पिंपबाबा प्रसन्न झाले!"

मग रवी थांबली, आणि आयझिरेक पुन्हा अडखळली. पण या वेळी ती रडली नाही.

"म... मला हे माहीत होतं," ती म्हणाली. आणि वेळ लागला तितका घेऊन तिने सांगितलं. बिश्केकला असताना ती वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंकडे गेली होती. बाई म्हणाल्या होत्या, कुणाच्या सोबतीने एकदम बोललं, ठेक्यावर बोललं, गायलं की अडखळणारा जवळजवळ प्रत्येक माणूस सरळ बोलतो. ते संपलं की पुन्हा अडखळतो. तो बरा झालेला नसतो. हे भीतीने होत नाही, कुणाच्या नजरेने होत नाही, आईबापांच्या चुकीने होत नाही. बोलण्याची जुळवाजुळव मेंदूत होते आणि काहींच्या मेंदूत ती थोडी वेगळी होते, पुष्कळदा घराण्यातच असते. आयझिरेकच्या आजोबांचा भाऊही असाच बोलायचा. सराव केला तर अडखळणं सोपं होतं, त्याच्याशी झटापट करावी लागत नाही. पण ते पुरतं जाईलच असं वचन आपण देणार नाही, असं बाई म्हणाल्या.

"आणि मग?"

"मग म... मी जायचं सोडलं."

"वा! त्या बाईने खरं सांगितलं म्हणून ती नावडती, आणि हा खोटं बोलला म्हणून देव!"

"त्यांनी अ... अजून एक सांगितलं होतं," आयझिरेक म्हणाली. तिने मान खाली घातली. "की लोकांनी म... मधे श... श..."

"शब्द पूर्ण करू नयेत," बुरुलचा म्हणाली.

आणि मग तिच्या लक्षात आलं. चोवीस वर्षं! चोवीस वर्षं या पोरीच्या प्रत्येक वाक्याची शेपटी तिने प्रेमाने ओढून काढली होती. वर 'श्वास घे', 'सावकाश बोल', 'घाबरू नको' हा आहेर. पोरीला अडखळायला तिने लावलं नव्हतं. पण पोरीचं बोलणं शेवटापर्यंत ऐकलंही नव्हतं. यात दोरीचा काही संबंध नव्हता, म्हणून तर जास्तच लागलं.

"आजपासून मी दात आवळून बसेन," ती म्हणाली. "पण शुक्रवारी तू यायचंस."

आयझिरेकने तोंड उघडलं आणि शब्द अडला. बुरुलचाने दात आवळले.

"ये... येईन."

शुक्रवारी समितीच्या तंबूबाहेर पुन्हा तीच गर्दी. समितीचे प्रमुख ओमुरझाक आबा सतरंजीवर वही उघडून बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला पाहुणा म्हणून शेरगाझी ताबिप, पुढ्यात मटणाचं ताट. दुसरा उमेदवार मुकाश आधीच बोलून झाला होता. मुकाश नळासारखा बोलायचा. अर्धा तास बोलून त्याने सगळ्यांना पटवलं होतं की मेंढी हे एक जनावर आहे.

बुरुलचा आली ती पिंप ओढतच. मागे आयझिरेक, आणि तिच्या मागे तोक्तोसून. आदल्या दिवशी बुरुलचा त्याच्याकडे जाऊन आली होती, आणि त्याने स्वतःच यायचं ठरवलं होतं.

"ताबिप," बुरुलचा म्हणाली, "एक विनंती आहे. तोक्तोसून आबांना सगळ्यांपुढे एकट्याने बोलू द्या. तुम्ही शांत बसा. खोगीर नको."

"अजून चाळीस दिवस कुठे झाले?" ताबिप म्हणाला.

"ब... ब... बर..." तोक्तोसूनने तोंड उघडलं आणि तो अडकला. गर्दीतून हळहळ उठली.

ताबिप ताडकन उभा राहिला. "बघा! पथ्य मोडलं! मधे बोलला असणार हा!"

"अजिबात नाही!" तोक्तोसूनची बायको ओरडली. "रविवारपासून एक शब्द नाही. माझ्या संसारातला सगळ्यात शांत आठवडा गेला!"

लोक हसले. बुरुलचाने पिंप मध्यभागी उभं केलं आणि रवी हातात घेतली. "या आबा. आपले सात बाप सांगा."

सात पिढ्यांची नावं तोंडपाठ नसतील तर कोकबुलाकात माणसाला माणूस म्हणत नाहीत. तोक्तोसूनला ती पाठ होती. पण साठ वर्षांत त्याने ती चारचौघांत शेवटपर्यंत म्हटली नव्हती. प्रत्येक मेजवानीत दुसऱ्या बापापाशी कुणीतरी घाई करून पुढची नावं सांगून टाकायचं.

धप. धप. धप.

"माझा बाप बेकबोलोत. त्याचा बाप सादिर. त्याचा बाप नियाझ..." रवी खालीवर होत होती, कुमिसचा फेस उडत होता आणि तोक्तोसून एकेक बाप धपधप उतरवत होता. सातवं नाव आलं तेव्हा तो थांबेचना. आठवं, नववंही सांगून मोकळा झाला. लोकांनी टोप्या उडवल्या. एक म्हातारी पुढे धावली, पिंपापुढे वाकली आणि आपल्या रुमालाची चिंधी फाडून रवीला बांधायला लागली.

"अहो, काय करताय!" बुरुलचा ओरडली.

"नवस बोलतेय! गुडघ्यांसाठी!"

"कुमिस आहे त्यात, आजी! गुडघे नाहीत! सोडा ती चिंधी!"

"मेंढी आणू का?" मागून कुणीतरी विचारलं.

बुरुलचाने कपाळावर हात मारला. मग तिने रवी सोडून दिली. "आबा, आता म्हणा. ठेका नाही."

"माझा ब... ब..." तोक्तोसून अडकला.

"बघितलंत?" बुरुलचा म्हणाली. "माझं पिंप संत नाही. शेरगाझींचं खोगीरही नाही. अडखळणारा माणूस ठेक्यावर सरळ बोलतो, दुसऱ्याच्या आवाजाबरोबर सरळ बोलतो. कुणाहीबरोबर! यात कुणाची विद्या नाही. रविवारी तुम्ही दोरी बघत होतात, सुरी बघत होतात. काम करत होता तो ठेका आणि तो आवाज, आणि ते ताबिप मौनाच्या पथ्याआड लपवत होते. एकट्याने तोंडच उघडायचं नाही म्हटल्यावर चमत्कार फसला हे कळणार कुणाला? नाहीतर असं करू. ताबिप, आत्ता दोरी बांधा, कापा, पण तोंडाने चूप आणि हाताने चूप. आबा नंतर सरळ बोलले तर माझी घोडी तुमची."

सगळ्यांनी ताबिपाकडे बघितलं. त्याने आभाळाकडे बघितलं.

"आज झऱ्यांची मर्जी नाही," तो म्हणाला.

"बालिकची गावच्या लग्नांत ताल धरायचात ना तुम्ही?" तोक्तोसूनची बायको एकदम म्हणाली. "गाणाऱ्यांच्या मागे बसून! मी मघापासून आठवतेय, हे तोंड कुठे बघितलंय!"

"तो काळ गेला," ताबिप झगा सावरत म्हणाला. "तिथला एक गाणारा बोलताना अडखळायचा आणि गाताना... असो." पुढचं त्याने गिळलं, पण गिळायला उशीर झाला होता. तो उठला, घोड्यापाशी गेला, आणि जाता जाता मटणाचा एक तुकडा उचलायला विसरला नाही. मागून कुणी दगड मारला नाही. पोरं मात्र टक टक करत ओढ्यापर्यंत पोचवायला गेली.

"आता तरी शिका," बुरुलचा कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "नवल दिसलं की ओरडण्याआधी बघा, तिथे काय काय चालू आहे. मग एकेक बाजूला काढा आणि पुन्हा बघा. दोरी काढा, बघा. सुरी काढा, बघा. शेवटी जे काढल्यावर नवल थांबतं, ते खरं कारण. याला विद्या लागत नाही. आणि जो माणूस एकही गोष्ट काढू देत नाही, त्याला मेंढी देऊ नका. बास. झालं माझं."

सोनुन कडेला उभी होती. ती पुढे येऊन बुरुलचाच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. बुरुलचाला तेवढं पुरलं.

ओमुरझाक आबांनी घसा साफ केला. "ते सगळं खरं. पण आमची पंचाईत तशीच राहिली की. मुकाश बोलतो. पोरगी बोलत नाही. उठायचं का?"

"म... मी बोलणार आहे," आयझिरेक म्हणाली.

ती पुढे आली. रवीजवळून गेली, पण तिने रवी धरली नाही.

"आज स... स... सकाळी," ती म्हणाली. मान ताठ झाली. शब्द अडला. "मी तोक्तोसून आ... आबांच्या क... क... कळपात..."

"कळलं, कळलं!" मुकाश म्हणाला. "कळपात गेलीस, मेंढ्या बघितल्यास, छान आहेत. बस पोरी, दमशील."

दोघेतिघे चहाला उठलेही. आयझिरेक बसली नाही. ओमुरझाक आबांनी हात वर केला आणि उठलेले पुन्हा टेकले. मग कुरणावर इतकं शांत झालं की ओढा ऐकू यायला लागला. बुरुलचाने दातांत ओठ धरला होता.

"कळपात त... तीन मेंढ्या लंगडतायत. तोंडाला फ... फ... फोड आहेत. ला... ला... ला..."

कुणी काही सुचवलं नाही.

"लाळ्या-खुरकूत आहे."

ओमुरझाक आबांच्या हातातलं पेन खाली पडलं. रविवारी पुन्हा सगळे कळप एका ओढ्यावर यायचे होते. आणखी दोन दिवसांनी त्या रोगाने अख्खं कुरण पालथं घातलं असतं.

"कु... कुणीही कळप हलवायचा नाही," आयझिरेक पुढे म्हणाली. आता ती फक्त डॉक्टर होती. अडखळत होती, पण थांबत नव्हती. आजारी मेंढ्या कुठे वेगळ्या ठेवायच्या, पाणी कुणी कुठून आणायचं, बूट कशात बुडवायचे, लस कधी येईल, सगळं तिने सांगितलं. तिला पाऊण तास लागला. मुकाशला त्यापेक्षा कमी वेळ लागला असता, पण त्याला त्या मेंढ्या दिसल्या नव्हत्या. माणसं एकेक शब्दासाठी थांबत होती, आणि थांबलेलं कुणाला जड जात नव्हतं. उलट, कोकबुलाकात इतकं लक्ष देऊन कुणाचं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"हात वर करा," ओमुरझाक आबा शेवटी म्हणाले. हात वर झाले. मुकाशने आजूबाजूला बघितलं आणि त्यानेही केला.

आबांनी पेन उचललं, वही पुढे ओढली. "नाव?"

नाव सगळ्या कुरणाला ठाऊक होतं. आबांनी तिला जन्मापासून त्याच नावाने हाक मारली होती. पण वहीत नाव ज्याचं त्याने सांगायचं, हा नियम होता, आणि अडखळणाऱ्याला स्वतःच्या नावाइतका अवघड शब्द दुसरा नसतो, कारण तो बदलून सोपा करता येत नाही.

"आ..." आयझिरेक म्हणाली. "आ... आ..."

सोनुनचा हात बुरुलचाच्या मनगटावर घट्ट आवळला. बुरुलचाच्या जिभेच्या टोकावर ते नाव चोवीस वर्षांपासून होतं. तिने ते तिथेच ठेवलं. शंभर माणसं, चाळीस घोडे, कुणी हललं नाही. आबांनी पेन कागदाला टेकवून धरलं होतं आणि ते पोरीकडे बघत होते. त्यांना कुठलीच घाई नव्हती.

"आयझिरेक," ती म्हणाली.

आणि आबांनी ते लिहून घेतलं.